मिडल नापास गजानन आणि पहिल्या वर्षाचा अर्ज

बारावीचा निकाल लागला की उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टॉवर चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत 'एमपी ऑनलाइन'ची पाटी लावलेल्या दुकानांपुढे गर्दी जमते. आधार कार्ड, समग्र आयडी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, मूळनिवासी प्रमाणपत्र अशा झेरॉक्सांची पिशवी हातात धरून मुलं आणि त्यांचे वडील उभे असतात. दुकानातला माणूस उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवर एकेक रकाना भरत जातो. नाव, पत्ता, टक्के इथपर्यंत सगळं भराभर होतं. मग कॉलेज आणि विषय येतात, आणि मूल वळून वडिलांकडे बघतं. वडील म्हणतात, "तुला काय हवं ते बघ." हे ते मायेपोटीच म्हणतात. पण मुलाला नेमकं तेच माहीत नसतं.

ते माहीत नसणं साहजिक आहे, आणि त्याची लाज सतरा वर्षांच्या मुलाने बाळगायचं काही कारण नाही, असं मला मनापासून वाटतं. तरी दर जूनमध्ये हजारो मुलं ती बाळगतात. शेजारचा ठामपणे 'सीए' म्हणतो, मामेबहीण 'नीट' म्हणते, आणि आपल्याला विचारलं की घशात आवंढा येतो. "बघू अजून" एवढंच उत्तर सुचतं आणि ते दिल्यावर घरातल्यांचे चेहरे पडतात. या मुलांविषयी लिहायला उज्जैन निवडलं, कारण नव्वद वर्षांपूर्वी याच गावातल्या एका मराठी घरात असाच एक मुलगा होता. पुढे तो हिंदीतला मोठा कवी झाला. त्याच्या गोष्टीचा शेवट गोड करून सांगायची सवय आपल्याला लागली आहे. मला ती गोष्ट मधूनच, जिथे ती दुखते तिथून सांगायची आहे.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. घराणं मूळचं जळगावकडचं. पणजोबा नोकरीच्या शोधात ग्वाल्हेरकडे गेले आणि तिकडचेच झाले. वडील माधवराव संस्थानच्या पोलिसात. त्यांच्या बदल्या होत, त्याबरोबर मुलाच्या शाळा तुटत. आई पार्वतीबाई प्रेमचंद वाचत आणि हरि नारायण आपटेही वाचत. १९३० साली उज्जैनमध्ये गजानन ग्वाल्हेर बोर्डाच्या मिडल परीक्षेत नापास झाला. आपल्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची घटना म्हणून पुढे त्यांनी स्वतःच या नापास होण्याचा उल्लेख केला आहे. फौजदाराचा मुलगा मिडलला नापास होणं म्हणजे त्या काळी गावभर होणारी गोष्ट. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या मनात ती किती खोल गेली असेल, याचा अंदाज बांधायला मानसशास्त्र लागत नाही.

१९३५च्या सुमारास तो माधव कॉलेजात आला. शिंद्यांच्या नावाचं हे कॉलेज आजही उज्जैनमध्ये उभं आहे. तिथे तो कविता लिहू लागला आणि खंडव्याहून माखनलाल चतुर्वेदी काढत असलेल्या 'कर्मवीर'मध्ये त्या छापून येऊ लागल्या. मग बी.ए.साठी इंदूरचं होळकर कॉलेज. १९३७ साली बी.ए.ला नापास, १९३८ला पास. विशीतच बडनगरच्या मिडल स्कूलमध्ये मास्तर. १९३९ साली घरच्यांच्या मनाविरुद्ध शांताबाईंशी लग्न. नंतरच्या नोकऱ्यांची यादी वाचतानाच दम लागतो: शुजालपूरचं शारदा शिक्षा सदन, पुन्हा उज्जैन, बनारसला 'हंस' मासिक, जबलपूरला शाळामास्तरकी आणि दैनिक, नागपूरला सरकारी माहिती खातं, मग आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक. पस्तिशीच्या आसपास त्यांनी नागपूर विद्यापीठातून एम.ए. केलं. १९५८ साली, वयाच्या चाळिशीत, राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली तेव्हा कुठे घर जरा स्थिरावलं. शाळांसाठी लिहिलेलं त्यांचं भारताच्या इतिहासाचं आणि संस्कृतीचं पुस्तक १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घालून काढून टाकलं. ११ सप्टेंबर १९६४ला दिल्लीत ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षीचा. तो हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

करिअरच्या व्याख्यानांत अशी माणसं फार सोयीची वाटतात. "बघा, तेसुद्धा नापास झाले होते!" असं म्हणून मुलांना धीर देता येतो. पण शुजालपूरच्या शाळेत जमलेले मित्र नेमिचंद्र जैन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने १९८४ साली आला, तो वाचावा. त्यात कवितेइतकीच नोकरीची, उधारीची आणि घरातल्या आजारपणाची चिंता आहे. वाट न सापडणं त्यांच्या कवितेला उपयोगी पडलं असेलही. शांताबाईंना आणि मुलांना त्याची किंमत रोजच्या रोज मोजावी लागली. म्हणून नापास होण्याचं कौतुक मला करवत नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. १९३५च्या त्या मुलाला माधव कॉलेजात कुणी खांद्यावर हात ठेवून विचारलं असतं का, की बाबा रे, तुला लिहायचंय तर पोटापाण्याचं कसं करणार आहेस, चल दोघं बसून बघू?

याच घरातला धाकटा भाऊ शरच्चंद्र. थोरल्याने हिंदी धरली, धाकट्याने मराठी. १९४९चा 'नवी मळवाट' हा त्यांचा संग्रह मराठी नवकवितेच्या अभ्यासकांना माहीत आहे, आणि 'क्षिप्रा' या त्यांच्या कादंबरीच्या नावात उज्जैनची नदीच आहे. १९७९ साली 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच पोलीस अधिकाऱ्याच्या घरातून दोन भाषांत दोन लेखक निघाले, आणि दोघांनाही शेवटी शिक्षकी पेशानेच जेवू घातलं.

*

उज्जैनच्या मराठी घरांत पूर्वी हा प्रश्न इतका मोठा नव्हता. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं, तेव्हापासून मराठी माणसाचं या गावाशी नातं दरबाराच्या मार्गाने आलेलं. १८१०मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली तरी संस्थान होतं, आणि संस्थान होतं तोवर साचाही होता. कारकुनी, पोलीस, तहसील, मास्तरकी, वकिली. बापाने शिरस्तेदाराकडे शब्द टाकायचा आणि मुलाने चिकटायचं. मध्यभारत राज्य होऊन संस्थान गेलं आणि तो साचा मोडला. गिरणगाव मात्र काही काळ होतं. बिनोद मिल, हीरा मिल या कापडगिरण्यांच्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं. गिरण्या बंद पडल्या आणि देण्यांसाठी मजुरांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मुंबईच्या गिरणगावाची आठवण असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आजच्या वडिलांच्या 'सरकारी नोकरी बघ'च्या आग्रहामागे हा सगळा इतिहास आहे. त्याला जुनाट विचार म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल. पण सरकारी नोकरीची वाटही आता तशी भरवशाची राहिलेली नाही. मध्य प्रदेशात भरतीच्या परीक्षा घेणारं व्यापमं घोटाळ्याने देशभर गाजलं, मग त्याचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं. आता ते कर्मचारी चयन मंडळ आहे. २०२३ साली पटवारी भरतीच्या निकालावर आक्षेप आले आणि नियुक्त्या काही काळ थांबवल्या गेल्या. ज्या मुलाने बी.ए.ची तीन वर्षं 'पटवारीची तयारी' म्हणून काढली, त्याच्या हातात त्या काळात ना पदवीचा अभ्यास होता ना नोकरी.

दुसरी वाट इंदूरची, तिथल्या कोचिंग क्लासेसची. उज्जैनहून पंचावन्न किलोमीटर, सकाळच्या गाडीने रोज जाणं-येणं करणारे आहेत, आणि भंवरकुआँच्या परिसरात खोली घेऊन राहणारे त्याहून जास्त. ज्यांना परवडतं ते कोटा. नीटचा हिशेब पाहिला तर छाती दडपते: २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुलं परीक्षेला बसली आणि देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आत. म्हणजे वीस मुलांतल्या एकोणीस जणांना दुसरं काहीतरी करायचंच होतं. त्या 'दुसऱ्या काहीतरी'विषयी अकरावी-बारावीची दोन वर्षं कुणी चकार शब्द काढत नाही. बायो घेतलेलं मूल नीट हुकल्यावर बी.एस्सी.चा अर्ज भरायला येतं तेव्हा ते विषय निवडत नसतं. हरल्यासारखं उभं असतं. पहिल्या वर्षाच्या वर्गात अशी कितीतरी मुलं बसलेली असतात, आणि प्राध्यापक त्यांना थेट पेशीविज्ञान शिकवायला घेतात.

*

वाट आडवळणाने सापडल्याचं उज्जैनमधलं दुसरं मराठी उदाहरण जरा मोकळा श्वास घेऊ देतं. विष्णु श्रीधर वाकणकर, गावाचे 'हरिभाऊ'. जन्म १९१९चा, नीमचचा. शिक्षणाने आणि हाताने चित्रकार. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन चालवलं, मुलांना चित्रकला शिकवली. नाणी, मूर्ती, जुन्या विटा यांचा नाद होताच. १९५७च्या सुमारास भोपाळकडे रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना डोंगरावरचे ते विलक्षण आकाराचे खडक दिसले. ते पुढे तिथे चालत गेले आणि भीमबेटकाच्या शैलाश्रयांतली चित्रं जगापुढे आली. १९७५ला त्यांना पद्मश्री मिळाली. भीमबेटकाला २००३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा ते नव्हते. उज्जैनपासून जवळच्या कायथ्याची ताम्रपाषाणयुगीन वसाहतही त्यांनीच शोधली.

या हकिकतीतली खडक दिसण्याची गोष्ट सगळे सांगतात. मला दुसरी बाब मोलाची वाटते. गाडीतून ते खडक हजारोंनी पाहिले असतील. गुहेत चित्रं असू शकतात हे डोळ्यांना कळायला चित्रकाराचा डोळा लागला, आणि ती चित्रं हजारोंच्या संख्येने उतरवून घ्यायला चित्रकाराचा हात लागला. आजच्या अर्जाच्या भाषेत बोलायचं तर त्यांचा मायनर विषय मेजर झाला, आणि जुना मेजर त्याच्या हाताशी कामाला राहिला. यासाठी त्यांना आधीची वर्षं 'वाया गेली' म्हणून पुसून टाकावी लागली नाहीत.

हे मेजर-मायनर मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून आलं. नवं शैक्षणिक धोरण पदवीला लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होतं. एक मेजर, एक मायनर, एक वैकल्पिक, एक व्यावसायिक विषय आणि प्रकल्प किंवा प्रशिक्षण असा आराखडा. कागदावर हा वाकणकरांसारख्या मुलासाठीच बेतलेला आहे: इतिहास मेजर घेऊन शेजारी चित्रकला घेता यावी, रसायनशास्त्राबरोबर एखादा हस्तव्यवसाय शिकता यावा. प्रत्यक्षात छोट्या कॉलेजात जे शिक्षक आहेत तेच विषय असतात, आणि 'जे उपलब्ध आहे ते भरा' असं होतं. तरीही हा आराखडा मी टाकाऊ म्हणणार नाही. न ठरलेल्या मुलाला त्याने काही खऱ्या खिडक्या दिल्या आहेत. त्या मुलांना माहीत नसतात, हे दुखणं आहे.

उदाहरणार्थ, विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट दिली, तिच्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मेजर बदलण्याची मुभा आहे. पहिल्या वर्षानंतर ठरावीक श्रेयांक आणि उन्हाळ्यातला एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. २०२२ पासूनच एकाच वेळी दोन पदव्या करायलाही आयोगाची परवानगी आहे. २०२५ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी परीक्षेत बारावीला न घेतलेला विषयही निवडता येतो. म्हणजे बायो घेतलेल्या मुलीला अर्थशास्त्राची दारं बंद नाहीत. २०२४-२५च्या प्रवेशांसाठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून उरलेलं परत करायला सांगितलं होतं. ज्या घरात शुल्कासाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं, तिथे ही शेवटची ओळ मुलाच्या आयुष्याची दिशा ठरवू शकते. "आता पैसे भरलेत, मुकाट्याने शिक" या एका वाक्यापायी किती मुलं नको त्या वर्गात तीन वर्षं बसून राहिली असतील.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे थोडं आधी लक्ष गेलं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. बुद्धी आणि कल मापण्याच्या चाचण्या मराठी मध्यमवर्गाला तिथून परिचयाच्या झाल्या. २०१६ पासून राज्य मंडळाने दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्र आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत कल सांगणारी. लाखो मुलांना फुकट काहीतरी मिळालं हे चांगलं झालं. पण ज्या मुलाने आयुष्यात कधी प्रयोगशाळा, न्यायालय, छापखाना किंवा शेतीचं संशोधन केंद्र आतून पाहिलेलं नाही, त्याला यातलं काय आवडेल हे विचारून किती कळणार? चाचणी कल सांगते. चव मुलालाच घ्यावी लागते, आणि ती घ्यायला वेळ आणि जागा लागते.

उज्जैनमध्ये ही जागा विपुल आहे, म्हणूनच हळहळ वाटते. सवाई जयसिंहांनी बांधलेली वेधशाळा इथे आहे. १९२३च्या सुमारास माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या गणित्याने तिथे काम केलं. आजही तिथून दरवर्षी पंचांग निघतं. मुलाच्या शिक्षणाचा योग विचारायला ज्योतिषाकडे जाणाऱ्या घरांनी त्याच मुलाला एकदा या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली मोजायला न्यावं. वाकणकरांच्या नावाचं संग्रहालय आहे. विद्यापीठ आहे, १९५७ पासूनचं, २०२५ साली ज्याला सम्राट विक्रमादित्यांचं पूर्ण नाव मिळालं. १९६६ पासूनचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांदीपनींचा आश्रमही इथलाच, जिथे कृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याची कथा सांगतात. त्या कथेतल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एकच कला निवडायला कुणी सांगितलं नाही.

*

आता एक गोष्ट एका तुकडीसाठी खास. २०२५ मध्ये पहिल्या वर्षात आलेलं मूल तीन वर्षांच्या पदवीला २०२८ च्या वसंतात शेवटच्या परीक्षेला बसेल. त्याच वेळी उज्जैनचा सिंहस्थ भरेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराच्या परिसरातल्या 'महाकाल लोक'चं उद्घाटन झाल्यापासून शहरात आधीच हॉटेलं, ई-रिक्षा, गाइड, प्रसादाची दुकानं, खोल्या भाड्याने देणं यांना उधाण आलं आहे. रस्ते खणलेले आहेत, घाट बांधले जात आहेत. पहिल्या वर्षातल्या मुलाला काकांच्या लॉजवर बसून महिन्याला जे मिळतं, ते त्याच्या बी.कॉम. झालेल्या भावाला इंदूरच्या कार्यालयात मिळत नाही. अशा वेळी 'शिकून काय करायचं' हा प्रश्न अगदी रास्त वाटतो.

याला मुलांनी सरळ नकार द्यावा असं मी म्हणणार नाही. हातात पैसा येणं ही आनंदाची गोष्ट आहे, आणि लॉजवर बसून माणसं ओळखायला जे शिकता येतं ते वर्गात मिळत नाही. पण सिंहस्थ बारा वर्षांतून एकदा येतो. २०१६ मध्येही शहराने अशी भरभराट पाहिली, आणि मेळा उठल्यावर मांडवासकट पुष्कळ कामं उठली. म्हणून प्राध्यापकांनी या तीन वर्षांत एक करावं. नव्या आराखड्यात प्रकल्प आणि प्रशिक्षण आहेच. ते कुठल्या तरी दूरच्या कंपनीचं प्रमाणपत्र चिकटवून पुरं करण्यापेक्षा सिंहस्थाच्या कामात घालावं. गर्दीचं नियोजन म्हणजे संख्याशास्त्र आहे, क्षिप्रेच्या पाण्याची तपासणी म्हणजे रसायनशास्त्र, यात्रेकरूंचं आरोग्य म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र, लॉजचा हिशेब म्हणजे वाणिज्य, आणि देशभरातून आलेल्या आखाड्यांच्या मुलाखती म्हणजे इतिहास आणि समाजशास्त्र. एका मुलाने तीन वर्षांत यातल्या दोन-तीन कामांत हात घातला, तर २०२८ला त्याला काय करायचं नाही एवढं तरी नक्की कळलेलं असेल, आणि तेही थोडं नव्हे.

आई-वडिलांपाशी माझं एवढंच मागणं आहे, की 'तुला काय हवं ते बघ' म्हणाल्यावर तिथेच थांबू नका. एखाद्या रविवारी नात्यातल्या वकील काकांकडे, दवाखान्यातल्या नर्स मावशीकडे, शेतीच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या मामांकडे मुलाला घेऊन जा आणि त्यांना त्यांच्या कामाचा एक साधा दिवस सांगायला लावा. पगार विचारू द्या, कंटाळा कशाचा येतो तेही विचारू द्या. आपल्याकडे लग्नाचं स्थळ पाहायला चार घरं फिरतात. कामाचं क्षेत्र पाहायला मूल एका सायबर कॅफेत दहा मिनिटं उभं राहतं.

आणि कॉलेजांनी पुढच्या जूनपासून एक साधी गोष्ट करावी, त्याला अनुदान लागत नाही. प्रवेशाची जी पावती मुलाच्या हातात देतात, तिच्या मागच्या बाजूला त्या कॉलेजात मेजर बदलायची शेवटची तारीख, प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळायची तारीख, आणि यासंबंधी कोणत्या खोलीत, कोणत्या वारी, कुठल्या प्राध्यापकांना भेटायचं, एवढं मराठी-हिंदीत ठळक छापावं. सप्टेंबरमध्ये एखादा घाबरलेला मुलगा तो कागद उलटून बघेल आणि त्या खोलीचं दार शोधत येईल. त्या वेळी तिथे खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे.